शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (जुलै १८५३ – एप्रिल १८९८) हे मराठी शिक्षक, ज्योतिर्गणिती आणि भारतीय ज्योतिषाचे पहिले मोठे मराठी इतिहासकार होते. येथे ज्योतिष म्हणजे पत्रिका पाहणे नव्हे. आकाशातील ज्योतींच्या गतींचे गणित या जुन्या अर्थाने हा शब्द घ्यावयाचा आहे. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे येथील शाळांत व अध्यापक विद्यालयांत शिकवत असताना त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. मॅट्रिक्युलेशनच्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही.

अभिजात यामिकीचे, म्हणजे न्यूटनच्या गतिनियमांचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात मराठी समाजापर्यंत दोन वाटांनी आले. एक वाट शाळा-कॉलेजांतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांची होती. दुसरी वाट घराघरांतील पंचांगाची. सूर्य आणि चंद्र कोणत्या क्षणी कोठे असतील हा पंचांगाचा मूळ प्रश्न असून तो सर्वस्वी गतीचा प्रश्न आहे. दीक्षित यांचे बहुतेक कार्य या दुसऱ्या वाटेवरचे आहे.

== जन्म आणि शिक्षण ==

दीक्षित यांचा जन्म शके १७७५ च्या आषाढात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. (कोकणात मुरूड नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. जंजिऱ्याजवळचे मुरूड हे दीक्षित यांचे गाव नव्हे.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई–ठाणे आगगाडी सुरू झाली होती आणि पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. प्राथमिक शिक्षण गावी झाल्यावर त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि १८७४ मध्ये ते मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले. कॉलेजात जाण्याऐवजी त्यांनी मराठी शाळेची नोकरी पत्करली. संस्कृत ज्योतिषग्रंथ आणि युरोपीय ग्रहगणित या दोन्हींचा अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून स्वतःच केला.

== रेवदंडा आणि ठाणे ==

पहिली मुख्य नोकरी रेवदंड्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापकाची होती. पंचांगाच्या इतिहासात या किनारपट्टीला विशेष स्थान आहे. ज्याच्या 'ग्रहलाघव' (शके १४४२, इ.स. १५२०) या करणग्रंथावरून महाराष्ट्रातील पंचांगे साडेतीनशे वर्षे होत आली, तो गणेश दैवज्ञ याच किनाऱ्यावरील नांदगावचा. त्या पंचांगांना एकोणिसाव्या शतकात पहिले आव्हान देणारे विनायक लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यातच रेवदंडा येते. हा केवळ योगायोग असला तरी ध्यानात राहण्याजोगा आहे.

१८८० च्या सुमारास दीक्षित यांची ठाण्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक म्हणून बदली झाली. ठाणे तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण होते. 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र तेथून १८६६ पासून निघत होते आणि रेल्वेमुळे मुंबईचे ग्रंथ व नियतकालिके तासाभरात हाती येत. येथील वास्तव्यात किंवा त्याच्या आगेमागे त्यांचे लक्ष ज्योतिषाकडे पूर्णपणे वळले. 'सृष्टचमत्कार' हे त्यांचे पुस्तक १८८२ सालचे आहे.

रेल्वेमुळे ठाणेकरांना आणखी एका गोष्टीची ओळख झाली असली पाहिजे. १८७० नंतर आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या आणि ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. पंचांगकर्त्यांना हे नवे नव्हते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे दहा पळे, हा देशांतराचा संस्कार ते शतकानुशतके करत आले होते. उज्जयिनीच्या रेषेवर काढलेली तिथी ठाण्याला लावताना सुमारे अकरा मिनिटांचा फरक धरावा लागतो. फलाटावरचे घड्याळ आणि देवघरातले पंचांग यांच्यामागे पृथ्वीच्या परिवलनाचे एकच गणित आहे.

== पंचांगात चूक कोठे होती ==

दीक्षित यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या पंचांगांतील दोष समजून घेणे आवश्यक आहे. हे दोष दोन प्रकारचे होते आणि त्यांची कारणे वेगवेगळी होती.

पहिला दोष वर्षमानाचा. सूर्यसिद्धांतातील वर्ष ३६५ दिवस १५ घटिका ३१ पळे आणि सुमारे ३१ विपळे एवढे आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा ते सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे पडते. साडेतीन मिनिटे क्षुल्लक वाटतात, पण चार शतकांत त्यांचा एक दिवस होतो. शिवाय ऋतू ज्याच्यावर अवलंबून असतात ते सांपातिक वर्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी लहान आहे. म्हणून ताऱ्यांना धरून चालणारे पंचांग सुमारे बाहत्तर वर्षांत एक दिवस या गतीने ऋतूंपासून दूर सरकत जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा म्हणून सांगितला जातो आणि त्याची तारीख १२ जानेवारी १८६३ आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो मात्र २१ किंवा २२ डिसेंबरला.

दुसरा दोष चंद्राचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यामधील प्रत्येकी बारा अंशांचे अंतर. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याची गती कधी कमी तर कधी अधिक असते. जुन्या ग्रंथांनी यासाठी मंदफल नावाचा संस्कार दिला असून सूर्यसिद्धांतात त्याचे कमाल मान ५ अंश २ कला आहे. आधुनिक मान ६ अंश १७ कला. हे पाहून कोणालाही वाटेल की जुने आचार्य मोजण्यात सव्वा अंशाने चुकले. तसे नाही.

पृथ्वीप्रमाणेच सूर्यही चंद्राला ओढतो. तो पृथ्वीलाही ओढतोच; परंतु चंद्र कधी सूर्याच्या जवळच्या बाजूस तर कधी लांबच्या बाजूस असल्याने दोन्ही ओढींत फरक पडतो आणि त्या फरकाने चंद्राची कक्षा सतत विचलित होते. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात या विचलनांची मीमांसा केली. त्यांपैकी सर्वांत मोठे विचलन सुमारे १ अंश १६ कलांचे आहे. अमावास्या व पौर्णिमेस ते मंदफलातून वजा होते आणि अष्टमीच्या आसपास त्यात मिळते. सहा अंश सतरा कलांतून एक अंश सोळा कला वजा केल्या की पाच अंश एक कला उरते. सूर्यसिद्धांताचा आकडा जवळजवळ हाच आहे. जुन्या गणकांनी चंद्राचे वेध मुख्यतः ग्रहणांच्या वेळी घेतले आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. जे दिसले ते त्यांनी अचूक टिपले. जेथे पाहिले नाही तेथे मात्र त्यांचा नियम अपुरा पडला.

परिणाम असा की ग्रहणाच्या दिवशी हा दोष दिसत नसे, मात्र अष्टमीच्या सुमारास चंद्राच्या स्थानात अडीच अंशांपर्यंत, म्हणजे तिथीच्या वेळेत बारा घटिकांपर्यंत चूक पडू शकत असे. बारा घटिका म्हणजे जवळजवळ पाच तास. व्रताचा दिवस ठरण्यास एवढा फरक पुरेसा आहे. ग्रहण बरोबर येते म्हणजे पंचांग बरोबर आहे, हा लोकांचा समज या कारणाने सहज टिकून राहिला.

== केरूनाना छत्रे आणि सायन पक्ष ==

केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केले होते आणि पुढे पुण्यास ते गणित व पदार्थविज्ञान शिकवत. बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी. छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये छापली गेली. युरोपीय कोष्टकांच्या आधारे, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे ग्रह मराठीत काढण्याचे ते पहिले महत्त्वाचे साधन होते. शके १७८७ (१८६५) पासून त्यांच्या गणिताचे 'पटवर्धनी पंचांग' निघू लागले. त्यात वर्षमान शुद्ध नाक्षत्र होते आणि रेवती नक्षत्रातील एक मंद तारा आरंभस्थान मानला होता. ग्रहलाघवाच्या पंचांगापेक्षा येथे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी येत, त्यामुळे संक्रांती चार दिवस आधी पडत.

विसाजी रघुनाथ लेले यांनी याहून पुढचा प्रश्न विचारला. आकाश जुळवावयाचे तर ऋतूही का जुळवू नयेत? धर्मशास्त्रात चैत्र-वैशाखाला वसंत म्हटले आहे आणि उत्तरायणाचा आरंभ पुण्यकाळ मानला आहे. मग वसंतसंपातापासूनच राशी मोजाव्यात, असा त्यांचा सायन पक्ष होता. ते आणि केरूनाना यांच्यात वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. दीक्षित या वादात सायन पक्षाला मिळाले. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांच्या प्रयत्नाने सायन पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. मोडक हे 'काव्येतिहाससंग्रह' मासिकाच्या संपादकांपैकी एक होते आणि त्यांनी वेदांग ज्योतिषाचे मराठी भाषांतरही केले होते.

सायन पंचांग लोकांत रुजले नाही. गणितात चूक नव्हती, पण त्याचा व्यावहारिक परिणाम फार मोठा होता. सायन मानाने ज्या चांद्रमासात २१ मार्च येतो तो चैत्र. रूढ मानाने ज्यात एप्रिलचा दुसरा आठवडा येतो तो चैत्र. दोन्ही तारखा एकाच चांद्रमासात पडण्याचा प्रसंग चारात एखादाच. बाकीच्या वेळी सायन पंचांगाप्रमाणे गणपती आणि दिवाळी रूढ तिथीच्या महिनाभर आधी येणार. शेजारच्या घरी श्रावण चालू असताना आपल्या घरी गणपती बसवण्यास किती कुटुंबे तयार होतील, याचे उत्तर देण्यास गणिताची गरज नव्हती. शिवाय सायन अश्विनी नक्षत्राच्या विभागात अश्विनीचे तारे दिसत नाहीत, हा आक्षेपही खरा होता. दीक्षित यांना या अडचणी ठाऊक होत्या. तरी सायन मानच सशास्त्र होय, हे मत त्यांनी सोडले नाही. त्याच वेळी विरुद्ध पक्षाचे गणित मात्र त्यांनी आपल्या ग्रंथात सविस्तर आणि निःपक्षपातीपणे मांडले. पक्षकार असूनही साक्षीदाराची भूमिका न बिघडवणे हा गुण त्या काळच्या वर्तमानपत्री वादांत विरळच होता.

== शिलालेखांचे कालगणित ==

गतीचे नियम पुढच्या काळाप्रमाणेच मागच्या काळालाही लागू पडतात. एखाद्या शिलालेखात वर्ष, मास, तिथी आणि वार दिला असेल, तर त्या दिवशी सूर्य-चंद्र कोठे होते हे मागे जाऊन काढता येते आणि वार जुळतो की नाही हे पाहून कालगणनेची परीक्षा घेता येते. इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट गुप्तकालीन लेखांचे संपादन करत होते. गुप्त संवत् नेमका केव्हा सुरू झाला याविषयी विद्वानांत मोठा मतभेद होता. निरनिराळ्या मतांत दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर होते.

निर्णायक ठरला तो आजच्या मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताचा स्तंभलेख. त्यात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. गणिताने हा दिवस २१ जून ४८४ येतो आणि त्या दिवशी गुरुवारच होता. म्हणजे गुप्त संवत् इ.स. ३१९–३२० पासून मोजला पाहिजे. केवळ वार जुळणे सातात एकदा योगायोगानेही घडेल. म्हणून एकच नव्हे तर अनेक लेखांची अशी तपासणी करण्यात आली. फ्लीट यांच्या १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील हे गणित दीक्षित यांचे आहे.

याच कामात दीक्षित यांच्या हाती एक विस्मृत पद्धत लागली. परिव्राजक राजांच्या लेखांत महाचैत्र, महावैशाख अशी संवत्सरांची नावे येतात. बृहस्पती सूर्याच्या तेजात लोपून पुन्हा पहाटे उगवतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून त्या संवत्सराचे नाव ठरे. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात, म्हणून बारा वर्षांत उदय अकराच येतात आणि एक नाव गळते. नंतरच्या काळात मध्यम गतीने मोजण्याची सोपी रीत आली आणि ही जुनी उदयपद्धती मागे पडली. दीक्षित यांनी ती संहिताग्रंथांतील वचने आणि लेखांतील तारखा ताडून पाहून पुन्हा प्रकाशात आणली. फ्लीट यांच्या ग्रंथाला जोडलेले या विषयावरचे टिपण दीक्षित यांच्या स्वतःच्या नावाने आहे. मराठी शाळेतून वर आलेल्या शिक्षकाचे नाव अशा ग्रंथात लेखक म्हणून येणे त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत लिहिलेला भारतीय कालगणनेवरील ग्रंथ १८९६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. हिंदू व मुसलमानी तारखा इंग्रजी तारखांत बदलण्याची त्यातील कोष्टके इतिहासाच्या अभ्यासकांनी अनेक दशके वापरली.

== 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ==

दीक्षित यांचा मुख्य ग्रंथ दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकासाठी लिहिला गेला आणि १८९६ मध्ये पुण्यास छापला गेला. पाचशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक व वेदांग काळ, दुसऱ्यात सिद्धांतकाळ. ग्रंथ तयार करताना त्यांनी डेक्कन कॉलेजातील संग्रहासह ठिकठिकाणची हस्तलिखिते पाहिली आणि निरनिराळ्या प्रांतांतील पंचांगे कोणत्या ग्रंथावरून होतात याची माहिती गोळा केली. वराहमिहिराच्या 'पंचसिद्धांतिके'तील जुने पाच सिद्धांत आणि त्याच नावांचे आज उपलब्ध असलेले सिद्धांत वेगळे आहेत, हे त्यांनी दोन्हींकडील वर्षमाने व ग्रहगती समोरासमोर ठेवून दाखवले.

त्यांची पद्धत सोपी पण कष्टाची होती. ग्रंथाची प्राचीनता परंपरेने सांगितली म्हणून ती मान्य करावयाची नाही आणि युरोपीय पंडिताने नाकारली म्हणून सोडावयाचीही नाही. ग्रंथातील आकडे घ्यावयाचे, त्यांवरून ग्रह काढावयाचे आणि कोणत्या काळच्या आकाशाशी ते सर्वाधिक जुळतात हे पाहावयाचे. भारतीय ज्योतिष बहुतांशी येथेच वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रीकांशी झालेली देवघेव त्यांनी साफ नाकारली नाही.

आज भास्कराचार्यांच्या 'गोलाध्याया'तील पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख दाखवून न्यूटनचे श्रेय त्यांना देण्याचा उत्साह अनेकदा दिसतो. तो उल्लेख खरा आहे आणि बाराव्या शतकासाठी असामान्यही आहे. पण ते आकर्षण किती, ते अंतराबरोबर कसे घटते आणि तेच चंद्राला कक्षेत कसे धरून ठेवते, हा परिमाणांचा भाग तेथे नाही. आणि वर सांगितलेली अष्टमीची पाच तासांची चूक त्या भागाशिवाय समजत नाही. अशा तुलना कोणत्या बेताने कराव्यात याचा नमुना दीक्षित यांच्या ग्रंथात पानोपानी सापडतो.

== कृत्तिका आणि संपातचलन ==

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचे विधान आहे. दीक्षित यांनी ते प्रत्यक्ष वेधाचे वर्णन मानले. तारका नेमकी पूर्वेला उगवते तेव्हा ती विषुववृत्तावर असते. कृत्तिका आज विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेस आहेत. त्या विषुववृत्तावर केव्हा होत्या?

येथे पुन्हा यामिकीचा आधार लागतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने अधिक आहे. या फुगवट्यावर सूर्य-चंद्राची ओढ तिरकी पडते आणि कलत्या भोवऱ्याचा आस जसा स्वतःभोवती शंकू काढत फिरतो, तसा पृथ्वीचा आस सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे संपातबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो. भारतीय गणकांना अयनचलन ठाऊक होते. त्याचे कारण न्यूटनने दिले. या गतीने मागे गेल्यास कृत्तिका इ.स. पूर्व ३००० च्या सुमारास विषुववृत्तावर येतात. दीक्षित यांनी हा निष्कर्ष १८९५ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त मांडला. दोनच वर्षांपूर्वी टिळकांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा पायाही संपातचलनच होता.

या निष्कर्षावर तेव्हापासून आजवर वाद आहे. गणिताविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो त्या वाक्याच्या अर्थाविषयी: ते तत्कालीन वेध सांगते की जुनी परंपरा, आणि ढळत नाहीत या शब्दाला किती काटेकोर मानावे, याविषयी. कित्येक पाश्चात्त्य पंडितांनी हा कालनिर्णय स्वीकारला नाही.

== इतर लेखन ==

'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' हे त्यांचे सुरुवातीचे शालोपयोगी पुस्तक. 'धर्ममीमांसा' हा निराळ्या विषयावरचा ग्रंथ. सर्वांत लोकप्रिय ठरले ते 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे १८९० नंतरच्या काळातील पुस्तक. गणिताचे कोणतेही पूर्वज्ञान गृहीत न धरता तारे, ग्रह आणि त्यांच्या गती समजावून देणारे हे पुस्तक मराठी विज्ञानलेखनाच्या इतिहासात आवर्जून उल्लेखले जाते. जेवणानंतर अंगणात येऊन वर पाहण्यास दोन घटका पुरतात, हे त्याच्या नावातच सांगितले आहे. अंगण आणि काळोख ही दोन्ही साधने तेव्हा प्रत्येकाजवळ होती.

== मृत्यू आणि त्यानंतर ==

दीक्षित पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे जेथे ते स्वतः शिकले तेथेच, शिक्षक झाले. मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोन वर्षांतच, एप्रिल १८९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पंचेचाळीसही नव्हते. केरूनाना १८८४ मध्येच गेले होते आणि मोडकही राहिले नव्हते. सायन पक्षाचा लोकांतील आधार त्यामुळे आणखी क्षीण झाला.

पंचांगसुधारणेचे पुढचे पर्व निरयन मर्यादेतच घडले. मुंबईस १९०४ मध्ये ज्योतिष परिषद भरली. छत्रे यांच्या रेवतीपक्षाची परंपरा 'टिळक पंचांगा'त टिकली. त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि ते मानणारी कोकणातील काही कुटुंबे एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसवतात. बहुसंख्य मराठी पंचांगांनी चित्रापक्ष स्वीकारला. सूर्य-चंद्राची स्थाने मात्र आता सर्वच जण आधुनिक गणिताने काढतात. ग्रहलाघवाच्या आकड्यांवरून तिथी छापणारे पंचांग महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष सांपातिक असून चैत्राचा पहिला दिवस वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. म्हणजे नागरी व्यवहारासाठी सायन तत्त्वच स्वीकारले गेले. धार्मिक सणांसाठी समितीने वेगळी, रूढीशी जुळवून घेणारी व्यवस्था ठेवली. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर भारतीय सौर दिनांक येतो तो याच दिनदर्शिकेचा.

'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चा हिंदी अनुवाद शिवनाथ झारखंडी यांनी केला. इंग्रजी अनुवाद भारत सरकारने दोन भागांत, १९६९ आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. हा अनुवाद करणारे प्राध्यापक आर. व्ही. वैद्य साहा समितीचे सदस्य होते.